डाउन हाउसमधले उन्हाळे

चार्ल्स डार्विन आणि एमा वेजवुड यांचे लग्न २९ जानेवारी १८३९ रोजी झाले आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्यांचा पहिला मुलगा विल्यम जन्मला. १८५६ संपेपर्यंत त्यांना दहा मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली, सात वाढली. सप्टेंबर १८४२मध्ये हे कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहायला गेले आणि १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचा मृत्यू झाला तोही याच घरात. मधली जवळजवळ चाळीस वर्षे ‘डाउन हाउस’ हे मुलांनी भरलेले घर होते आणि जीवशास्त्राची मांडणी मुळापासून बदलणारी प्रयोगशाळाही होते. घर आणि प्रयोगशाळा एकमेकांत किती मिसळले होते, हे उन्हाळ्यात सर्वांत स्पष्ट दिसते. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. उजेड रात्री नऊपर्यंत रेंगाळतो, फुले आणि कीटक यांचा हंगाम भरात असतो आणि बाहेरगावच्या शाळांत गेलेली मुले सुट्टीसाठी घरी परततात.

लोकांच्या मनातला डार्विन मात्र एकटा असतो. पांढरी दाढी, काळा कोट, बंद खोली. वास्तविक दाढी त्याने पन्नाशी ओलांडल्यावर वाढवली. त्याच्या नावाबरोबर येणारा प्रश्नही ठरलेला: आताची माकडे माणसे का होत नाहीत? आजची माकडे आणि माणूस यांचे पूर्वज एक होते, एवढेच त्याचे उत्तर आहे आणि ते दीडशे वर्षांपासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरी प्रत्येक व्याख्यानानंतर हाच प्रश्न पहिला येतो आणि डार्विन काम कसा करत होता, हे विचारायला वेळ उरत नाही.

त्याच्या दिवसाचे वेळापत्रक मुलगा फ्रान्सिस याने १८८७मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात दिले आहे. सकाळी आठ ते साडेनऊ काम, मग पत्रे, साडेदहा ते बारा पुन्हा काम, नंतर ‘सँडवॉक’ या घरामागच्या वाळूच्या पायवाटेवर फेऱ्या, दुपारी विश्रांती, संध्याकाळी आणखी तासभर काम. म्हणजे एकाग्र कामाचे तास चारच्या आसपास. पोटाच्या जुनाट दुखण्यामुळे त्याहून जास्त झेपतही नसे. या तासांतही मुले खोलीत येत. दोरा, कात्री, फूटपट्टी, हातोडी हे सगळे बाबांच्या खोलीत असे, म्हणून त्यांच्या खेपा चालूच राहत. चारेक वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळेत खेळायला यावे म्हणून वडिलांना सहा पेन्स देऊ केले होते. आजारी मुलाला अभ्यासिकेतल्या सोफ्यावर निजवत. जिन्यावरून घसरण्यासाठी लाकडाची घसरगुंडी करून घेतली होती. ती आजही त्या घरात पाहायला मिळते. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या हस्तलिखिताची फार थोडी पाने आज उरली आहेत आणि त्यांतली काही उरली ती मुलांनी पाठीमागे चित्रे काढली म्हणून. एका पानामागे फळे आणि भाज्या यांवर स्वार झालेल्या सैनिकांची लढाई आहे. त्यातला एक घोडेस्वार गाजरावर बसला आहे.

या वर्णनाने भारावून जाण्याआधी हिशेब पाहणे आवश्यक आहे. डार्विनला नोकरी करावी लागली नाही. वडील श्रीमंत डॉक्टर आणि सावकार होते, एमाचे माहेर वेजवुड या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याचे. घरात दाया, गव्हर्नेस, स्वयंपाकीण, बटलर असा नोकरवर्ग होता. दहा बाळंतपणे, मुलांची आजारपणे, सतत आजारी असणारा नवरा आणि पाहुणे हे सारे एमाने सांभाळले. खोलीचे दार मुलांसाठी उघडे ठेवणे डार्विनला परवडले, कारण बाकीच्या घराचे दार एमाने धरून ठेवले होते. घर आणि काम हे दोन्ही भार एकट्याने वाहणाऱ्या आजच्या आईने वा वडिलांनी स्वतःची त्याच्याशी तुलना करणे अन्यायाचे आहे. तरीही एक गोष्ट पैशाने आलेली नव्हती. मुलांना जमेल असे काम आणि कामाला उपयोगी पडेल असे मूल या दोन्ही गोष्टी हेरण्याची नजर डार्विनची स्वतःची होती.

बंबलबींचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण आहे. बंबलबी म्हणजे जाड, केसाळ, मोठ्याने गुणगुणणारी मधमाशी. भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते, महाराष्ट्रात दिसतो तो काळा भुंगा वेगळा. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला, जॉर्जला, एका उंच ॲश वृक्षाच्या बुंध्याशी बंबलबी शिरताना दिसल्या. तिथे पोळे असेल असे वाटले, पण पोळे नव्हते. माशी येई, त्या एका जागी काही क्षण घोंघावे आणि निघून जाई. थोड्या वेळाने दुसरी येऊन नेमके तेच करी. त्या सगळ्या नरमाश्या होत्या. डार्विनने अशा थांब्यांना ‘घोंघावण्याच्या जागा’ असे नाव दिले आणि एका थांब्यावरून माशी कुठे जाते, याचा पाठलाग सुरू केला.

एकट्या माणसाला हे जमणारे नव्हते. माशी कुंपणाच्या दाट झुडपांतून, कोरड्या चरातून, जमिनीलगत उडे. चाळिशी उलटलेला, पोटाने गांजलेला माणूस तिथे शिरणे शक्य नव्हते, मुले शिरत. ती पोटावर सरपटत काट्यांखालून जात. एकेका थांब्याचा शोध लागला तशी डार्विनने तिथे एकेक मूल बसवले. पाच-सहा मुले एका रांगेत, प्रत्येक आपापल्या जागेवर डोळे लावून. माशी आली की त्या मुलाने ओरडायचे, ती पुढे गेली की पुढच्याने. अशा रीतीने आरोळी कुंपणाच्या कडेने सरकत जाई आणि वडिलांना माशीचा मार्ग कानांनी कळे. माशी ओळखता यावी म्हणून तिच्यावर पीठही शिंपडले जाई. नरमाशीला नांगी नसते, त्यामुळे मुलांना धोका नव्हता.

पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो टाळला तर मुलांच्या कामाची किंमत कळत नाही. डार्विनला वाटले, माश्या एखाद्या खुणेच्या आधाराने थांबत असतील. त्याने चराच्या तळाचा झाडोरा उपटून काढला, जाळी पसरली. माश्या त्याच जागी येत राहिल्या. पुढील वर्षांच्या उन्हाळ्यांतही पुष्कळसे थांबे तेच निघाले. हे चमत्कारिक होते, कारण नरमाश्या हिवाळा पाहत नाहीत. फक्त नव्या राण्या जमिनीत दडून थंडी काढतात. म्हणजे यंदाच्या नरांना गेल्या वर्षीच्या नरांनी रस्ता दाखवलेला नसतो. याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. नर आपल्या डोक्यातील ग्रंथींचा गंध ठरावीक जागांना लावतात, त्या वाटेवर गस्त घालतात आणि तरुण राण्या त्या गंधाकडे येतात. निरनिराळ्या जातींचे नर निरनिराळ्या उंचीवरून गस्त घालतात, त्यामुळे वाटा सहसा एकमेकींत मिसळत नाहीत. डार्विनची ही टिपणे इंग्रजीत १९६८मध्ये छापली गेली, त्याच्या मृत्यूनंतर ८६ वर्षांनी. कीटकशास्त्राच्या वर्गात ती फारशी शिकवली जात नाहीत. ती शिकवली गेली पाहिजेत, कारण वर्तनाचा अभ्यास कसा करावा याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सहज सापडत नाही.

छापण्यातल्या या विलंबावरून डार्विनविषयीचा सर्वांत जुना वाद समोर येतो. नैसर्गिक निवडीची कल्पना त्याला १८३८मध्ये सुचली, ती मांडणारे ‘ओरिजिन’ हे पुस्तक आले २४ नोव्हेंबर १८५९ रोजी. मधली वीस वर्षे तो घाबरून गप्प बसला होता, चर्चला भ्याला होता, श्रद्धाळू एमाला दुखवायचे नव्हते म्हणून थांबला होता, असे असंख्य लेखांत आणि माहितीपटांत सांगितले जाते. इतिहासकार जॉन व्हॅन वाय यांनी २००७मध्ये या समजाची कागदोपत्री तपासणी केली आणि तो टिकत नाही असे दाखवले. परागीभवनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला तो आधीपासूनच पटत नसतो आणि त्याची कारणे घरातल्या कालगणनेत आहेत.

१८४२च्या उन्हाळ्यात डार्विनने सिद्धांताचा ३५ पानांचा आराखडा पेन्सिलीने लिहिला. १८४४च्या उन्हाळ्यात त्याचा २३० पानांचा निबंध झाला. ५ जुलै १८४४ रोजी त्याने एमाला पत्र लिहून ठेवले: आपण अचानक गेलो तर हा निबंध प्रसिद्ध करावा आणि त्यासाठी ४०० पौंड बाजूला काढावेत. बायकोपासून विचार लपवणारा माणूस बायकोलाच त्याची प्रकाशक नेमत नाही. त्यानंतर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नेकल या समुद्री प्राण्यांत गेली. हे काम घरात इतके रुळले होते की शेजाऱ्यांकडे गेलेल्या एका मुलाने, हे काका आपली बार्नेकल्स कुठे करतात, असे विचारल्याची आठवण कुटुंबात सांगितली जाई. प्रत्येक बाप बार्नेकल्स करतोच, अशी त्याची समजूत होती.

आता डार्विनच्या इतर कामांचा वेग पाहावा. विल्यमच्या जन्मापासून ठेवलेल्या निरीक्षणांची वही १८३९ची. तिच्यावरचा लेख आला १८७७मध्ये. कीटक खाणाऱ्या दवबिंदू या वनस्पतीवर (ती आपल्या कास पठारावरही उगवते) त्याने १८६०च्या उन्हाळ्यात काम सुरू केले, पुस्तक निघाले १८७५ साली. गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७चा, पुस्तक १८८१चे. या कशालाही चर्चचे भय नव्हते. वीस वर्षे हा डार्विनचा नेहमीचा वेग होता. आणि हा वेग निसर्गाने ठरवलेला असतो. फूल वर्षातून एकदा येते. एखादा प्रयोग त्या दोन-तीन आठवड्यांत फसला, किंवा घरात त्याच दिवसांत मूल आजारी पडले, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. आज संशोधनाला साधारण तीन वर्षांचा निधी मिळतो, म्हणजे तीन हंगाम. त्यातला पहिला परवानग्यांत जातो. अशा व्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला वीस वर्षे म्हणजे भित्रेपणा वाटतो, यात नवल नाही. पण ते चूक आहे.

घाई झाली ती एकदाच. १८ जून १८५८ रोजी निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेसचे पत्र आणि नैसर्गिक निवडीच्याच कल्पनेचा त्याचा निबंध हाती पडला, तेव्हा मुलगी हेन्रिएटा हिला घटसर्प झाला होता आणि गावात स्कार्लेट तापाची साथ होती. २८ जूनला दीड वर्षांचा धाकटा मुलगा चार्ल्स वेअरिंग त्या तापाने गेला. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले, त्या सभेला डार्विन नव्हता. सात वर्षांपूर्वी, एप्रिल १८५१मध्ये, दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती आणि त्या दुःखातून तो कधीच पूर्ण बाहेर आला नाही. उरलेल्या मुलांना गावातून हलवणे हे या वेळी पहिले काम होते. कुटुंब आइल ऑफ वाइट बेटावर समुद्रकाठी गेले आणि तिथे सँडाउन गावी, २० जुलै रोजी, डार्विनने ‘ओरिजिन’ होणार होते ते लेखन सुरू केले. जवळपास मुले होती, समुद्र होता आणि एक मूल कमी होते. संकट आणि सुट्टी लागोपाठ आलेल्या त्या उन्हाळ्यात त्याने दोन्ही निभावले. १८४२, १८४४ आणि १८५८ या सिद्धांताच्या तिन्ही लेखनांना उन्हाळाच लाभला, ही नोंद चरित्रकारांनी ठळक करायला हवी होती.

मुले मोठी झाली तशी त्यांची मदत बदलली. सरपटणाऱ्या जॉर्जने पुढे एका अगदी लहान फुलाच्या ऑर्किडवर कोणते कीटक येतात, हे पाहिले आणि पराग चिकटलेले सूक्ष्म कीटक पकडून आणले. ती निरीक्षणे वडिलांच्या ऑर्किडवरील पुस्तकात त्याच्या नावानिशी आहेत. पुढे तो भरती-ओहोटीचा गणिती झाला. अकरा वर्षांच्या होरेसने १८६२मध्ये वडिलांना सांगितले की सगळ्यांनी विषारी साप मारले तर सापांचे दंश कमी होतील. साप कमी होतील म्हणूनच ना, असे वडिलांनी विचारले. तसे नव्हे, होरेस म्हणाला. पळून जाणारे भित्रे साप वाचतील आणि काही काळाने चावणारे उरणारच नाहीत. डार्विनने हा संवाद कौतुकाने पत्रात कळवला. शाळेत नैसर्गिक निवड समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण कशाला हवे? याच होरेसने पुढे केंब्रिजमध्ये वैज्ञानिक उपकरणांचा कारखाना काढला आणि गांडुळांच्या कामामुळे दगड जमिनीत किती खचतो, हे मोजण्याचे साधन डाउनच्या बागेत बसवले.

फ्रान्सिस डॉक्टरी शिकला होता. १८७६मध्ये बाळंतपणात बायको गेल्यावर तो तान्ह्या बर्नार्डला घेऊन डाउनला परतला आणि वडिलांचा साहाय्यक झाला. घरात पुन्हा मूल आले आणि गांडुळांना ऐकू येते का, हे तपासताना बर्नार्डची शिटी, फ्रान्सिसचे ‘बसून’ हे वाद्य आणि एमाचा पियानो असे तिन्ही आवाज वापरले गेले. गांडुळांनी कशालाही दाद दिली नाही, मात्र पियानोवर ठेवलेल्या कुंडीत कंप जाणवताच गांडुळे बिळात शिरली. १८८०मध्ये वनस्पतींच्या हालचालींवरचा ग्रंथ निघाला तेव्हा शीर्षकपानावर चार्ल्स डार्विनच्या नावाखाली, फ्रान्सिसच्या साहाय्याने, असे छापले गेले. हेन्रिएटाने ‘डिसेंट ऑफ मॅन’चे प्रकरणामागून प्रकरण वाचून त्यातली भाषा आणि युक्तिवाद दोन्ही सुधारले होते. १८७१मध्ये निघालेल्या त्या ग्रंथाच्या शीर्षकपानावर तिचे नाव नाही.