झोळीतली थंडी खालून येते

दिवाळी उलटली की आपल्या मराठवाड्यात थंडीचे बोलणे सुरू होते. कुणी पेटीतला स्वेटर काढतो, कुणी वाकळ उन्हात टाकतो, आणि चहाच्या टपरीवर ‘यंदा काही थंडी नाही’ असे सांगणारा एक गृहस्थ दरवर्षी भेटतोच. ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्याला असे म्हणणे परवडते. छत्रपती संभाजीनगरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण १० ते १२ अंशांच्या आसपास असतो आणि उत्तरेकडचे वारे आले की त्याच्याही खाली उतरतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असले, म्हणजे थंडीची लाट. पण लाट येवो न येवो, उघड्यावर झोपणाऱ्या माणसाची रात्र वेगळी असते. आणि उघड्यावर झोळीत निजणाऱ्या लेकराची त्याहून वेगळी. आज आम्हांला त्या झोळीबद्दल लिहायचे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण झोळीतच गेले आहे. आईचे जुने लुगडे, दोन टोकांना गाठी, आणि दोर बांधायला लिंबाची फांदी, नाहीतर बैलगाडीचा तळ. पाळण्याला पैसे पडतात, झोळीला पडत नाहीत. लेकरू जमिनीपासून वर राहते, विंचू-मुंग्यांपासून दूर राहते, आणि वैशाखात खालून-वरून वारा लागून गाढ झोपते. झोळी ही मुळात उष्ण मुलखाची वस्तू आहे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेकडच्या बेटांवर पोहोचला तेव्हा तिथली माणसे अशाच टांगत्या जाळ्यांत झोपलेली त्याने पाहिली. तिथूनच तो शब्द आणि ती वस्तू युरोपात गेली आणि पुढे जहाजांवरचे खलाशी तीत झोपू लागले. गरम हवेत जो तिचा गुण, तोच मार्गशीर्ष-पौषात तिचा दोष होतो, हे मात्र फार कमी लोक लक्षात घेतात.

आता हीच झोळी नायलॉनची होऊन, पिशवीत घडी करून, ‘हॅमॉक’ या नावाने दुकानात आली आहे. आमचा एक पुतण्या कॉलेजात आहे. मागच्या डिसेंबरात तो मित्रांबरोबर म्हैसमाळला गेला. खुलताबादच्या वरचे हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच, तेव्हा तिथली थंडी शहरापेक्षा चढीच. पोरांनी झाडांना हॅमॉक बांधले आणि त्यात स्लीपिंग बॅगा घालून झोपले. परत आला तो पाठ धरूनच. म्हणाला, छाती-पोट ऊबदार होते, पण पाठ आणि कंबर रात्रभर बर्फावर ठेवल्यासारखी. बॅग तर चांगली जाड होती, मग असे का?

उत्तर दिले आमच्या चुलतीने. सत्तरी ओलांडलेली बाई, उमेदीची कित्येक वर्षे ऊसतोडीला गेलेली. ती म्हणाली, “आरं बाळा, झोळीतला माणूस वरून नाही, खालून गारठतो. पांघरूण झोळीच्या आत नाही, झोळीच्या खाली बांधायचं असतं. तुझा बाप तसाच वाढवलाय आम्ही.” मग तिने हाताने दाखवले. आतले लुगडे लेकरासाठी, त्याच दोराला बाहेरून दुसरे लुगडे थोडे सैल बांधायचे, आणि दोन्हींच्या मध्ये वाकळ सोडायची. परदेशातले हौशी लोक आज हॅमॉकच्या खाली टांगायला वेगळी रजई विकत घेतात आणि तिला मोठी किंमत मोजतात. आमच्या चुलतीने ती कोपीत बसून केली होती. याचा पेटंट-बिटंट काही घेतला नाही, एवढेच.

आम्ही पडलो कारकून माणूस, तेव्हा हे आम्हांला जमाखर्चाच्या भाषेत लवकर कळते. शरीर जी ऊब तयार करते ती जमा. वाकळ, घोंगडी, स्वेटर स्वतः एक पैसाही जमा करीत नाहीत. ते फक्त खर्च अडवतात. आणि अडवतात ते कापडाने नव्हे, कापडात अडकून राहिलेल्या हवेने. थांबलेली हवा ऊब जाऊ देत नाही. मोठ्या माणसाच्या वजनाखाली बॅगेतला कापूस किंवा पिसे चेपून सपाट झाली की ती हवा निघून जाते आणि पाठीखाली उरते नुसते कापड. जमिनीवर झोपलो तर खालची जागा निदान आपल्या अंगाने थोडी तापते. झोळीखाली मात्र दर क्षणाला नवा गार वारा येतो आणि आधीची ऊब घेऊन जातो. लेकराचे वजन कमी, म्हणून त्याच्याखालचे कापड तितके चेपत नाही. पण वारा तेवढाच लागतो, आणि त्याच्या लहानशा अंगातली शिल्लकही तेवढीच लहान. मोठा माणूस थंडीने कुडकुडतो, त्या कुडकुडण्यातूनही ऊब तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. ते गार पडते आणि गप्प होते. थकलेल्या आईला वाटते, बरे झाले, झोपले.

ही गोष्ट नुसत्या सहलीची नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीड, जालना आणि आपल्या कन्नडकडच्या हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्यामागे उचल घेतलेली. पहाटे तीन-चारला बाई उठते, भाकरी थापते आणि अंधारातच फडात जाते. सोबत तान्हे असेल तर त्याची झोळी फडाच्या कडेला किंवा गाडीखाली. रात्रीच्या चोवीस हिशेबांत पहाट सर्वांत गार असते, आणि नेमकी तीच वेळ झोळीची. शिवाय उसाचे रान म्हणजे पाणी पाजलेले रान. पैठण, गंगापूर पट्ट्यात ज्यांनी पहाटे उसात पाय घातला आहे त्यांना तिथले दव ठाऊक आहे. लुगडे दवाने भिजले की त्यातल्या हवेची जागा पाणी घेते आणि तेच कापड ऊब ओढू लागते. घोंगडी जरा ओलसर झाली तरी बरीच ऊब धरते, सुती कापड धरत नाही.

तेव्हा करायचे काय? पहिले म्हणजे जागा. ओढ्याच्या काठी, खोलगट रानात झोळी बांधू नये, गार हवा जड असते आणि रात्री तिथे येऊन साचते. थोडी उंच, वाऱ्याला आडोसा असलेली जागा बघावी. डोक्यावर झाड, छप्पर किंवा ताडपत्री असावी. उघड्या आभाळाखाली निरभ्र रात्री ऊब वर निघून जाते आणि दवही पडते. वाऱ्याच्या बाजूला खताची रिकामी पोती उसवून पडदा करावा. मग चुलतीने सांगितलेली दुहेरी झोळी. मध्ये वाकळ नसेल तर गोणपाटाच्या दोन घड्या चालतात, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राचे कागद घातले तर आणखी बरे. (आमच्या या साप्ताहिकाचे जुने अंक त्या कामी आले तर आमची हरकत नाही, आधी वाचावेत एवढीच विनंती.) प्लास्टिक अगदी बाहेरून, खालच्या बाजूला. झोळीच्या आत प्लास्टिक कधीच नाही. बाहेरचे लुगडे सैल असावे पण गाठ पक्की असावी. लेकराला टोपी, मोजे आणि कोरडी लंगोट. ओली लंगोट बदलण्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही.

काही गोष्टी मात्र जरा कडक शब्दांत सांगायला हव्यात. झोळीखाली किंवा झोळीजवळ शेकोटी ठेवू नये. लुगडे पेटायला एक ठिणगी पुरते. बंद कोपीत, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून तर झोपूच नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि दर हिवाळ्यात आपण त्या वाचून पान उलटतो. लेकराचे तोंड पांघरुणाने झाकू नये. खोल झोळीत बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, म्हणून झोळी पसरट बांधावी, बाळ उताणे ठेवावे आणि कुणीतरी जागते माणूस दिसेल इतक्या अंतरावर असावे.

आणि अगदी नवजात बाळ, विशेषतः कमी वजनाचे, झोळीत ठेवूच नये. त्याची जागा आईच्या छातीवर, उघड्या त्वचेला त्वचा लावून, वरून दोघांवर पांघरूण. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज जागतिक आरोग्य संघटना तीच सांगते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायका शिकवून तयार केल्या. जंतुसंसर्गावरच्या औषधांबरोबर बाळाला ऊबदार ठेवण्याची पिशवीही त्यांच्याजवळ असे. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. सगळे श्रेय पिशवीचे नव्हे, पण पिशवी त्यात होती.

बाळ गारठले की नाही हे बघायला थर्मामीटर लागतोच असे नाही. हाताच्या मागच्या बाजूने तळपाय आणि पोट चाचपावे. दोन्ही गरम तर ठीक. पाय गार, पोट गरम तर थंडी लागू लागली, लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार, बाळ सुस्त, दूध ओढत नाही, असे असेल तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा.

ही तपासणी शिकवणारी आशाताई गावात असते. प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत तिने ठरावीक भेटी द्यायच्या असतात. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईचे नाव गावच्या रजिस्टरात आणि बाई शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या फडात. तळावरच्या बाळाकडे जायचे कुणी, याचे उत्तर कारखान्याच्या हंगामाआधी मिळायला हवे. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत पैशापैशाने असतो. तान्ह्या लेकरांची नोंदही त्याच दिवशी घेता येईल, त्याला काही वेगळे बजेट लागत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. जानेवारीत ब्लँकेट वाटायची रीत झाली आहे. हेतू चांगला, फोटोही चांगला येतो. पण दीडशे रुपयांचे विरळ ब्लँकेट झोळीवर टाकले तर खालची थंडी जागच्या जागी. उसाचे पाचट फडात फुकट पडलेले असते, ते कोरडे करून वीतभर जाड अंथरले तर मोठी माणसे जमिनीवर बऱ्यापैकी ऊबेत झोपतात. ताडपत्री आणि कोरडी पोती मिळाली तर त्या जोडीला दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा अधिक उपयोग. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने यंदा ब्लँकेटची निम्मी रक्कम बाजूला काढून जुन्या साड्यांच्या लहान वाकळा शिवायला घेतल्या आहेत. चार बाजूंना नाड्या, झोळीच्या खाली बांधता येतील अशा. चुलती रोज दुपारी तिथे बसते आणि टाके लांब पडले की उसवायला लावते.

यातल्या काही वाकळा आम्ही १३ जानेवारीच्या संध्याकाळी विद्यापीठ गेटजवळ घेऊन येणार आहोत. १९९४ साली नामविस्तार झाला तेव्हापासून १४ जानेवारीला मराठवाड्यातून माणसे येतात, आणि पुष्कळ जण आदल्या रात्रीच येऊन जागा मिळेल तिथे पाठ टेकतात. ज्यांच्या कडेवर तान्हे असेल त्यांनी घरूनच एक जादा लुगडे, दोन कोरडी पोती आणि बाळाची टोपी बरोबर घ्यावी. दोर लागला तर आमच्याकडे मिळेल.