अर्जातला निबंध आणि आपली लेकरे

कारकुनी करता करता आमच्या हातून हजारो अर्ज गेले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, फीमाफी, वसतिगृह. सोलापुरातल्या आमच्या वस्तीत कुणाच्या लेकराचा अर्ज भरायचा म्हटले की रविवारी सकाळी आमचे दार वाजणारच. 'वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की' हे वाक्य आम्हांला झोपेतही लिहिता येईल. पण गेल्या वर्षी वस्तीतली एक मुलगी जो अर्ज घेऊन आली, त्यात या वाक्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

मुलगी एम.बी.बी.एस. झालेली. अर्ज होता एम.डी. आणि पीएच.डी. एकत्र करण्याचा. त्यात दोन प्रश्न होते. डॉक्टर असताना संशोधन कशाला? आणि त्या दिशेने आजवर काय केले? खाली कोरी जागा.

ही जोडपदवी म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. डॉक्टर समोरच्या रोग्याला बरे करतो. संशोधक विचारतो की हा रोग याच गल्लीत, याच कामाच्या माणसांना का होतो? टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकेक रोगी तर अनेक डॉक्टर पाहतच होते. हजार रोग्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून पाहणे हे वेगळे काम आहे. ही दोन्ही कामे करणारा माणूस घडावा म्हणून अमेरिकेत १९६४ पासून सरकारी पैशाने असे शिक्षण दिले जाते. त्याला साधारण आठ वर्षे लागतात. तिथल्या अर्जात तीन निबंध मागतात: डॉक्टर का व्हायचे, दोन्ही का व्हायचे, आणि संशोधन काय केले. आपल्याकडे ही सोय मोजक्याच संस्थांत आहे.

मुलीने पहिला निबंध आणला. 'लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे.' आम्ही म्हटले, "पोरी, हे वाक्य तुझं नाही. हे सगळ्यांचं आहे." दुसऱ्या रविवारी तिने दुसरा आणला. त्यात पत्र्याचे घर, वडिलांची हमाली, आईच्या विड्या, रॉकेलचा दिवा. वाचताना आमचेही डोळे भरून आले. अक्षर न् अक्षर खरे होते. पण प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. गरिबी सोसली म्हणून कुणी संशोधक होत नाही. त्या गरिबीने डोक्यात कोणता प्रश्न पेरला, तो कागदावर यायला हवा.

इथे आम्हांला बाबासाहेबांची आठवण झाली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला. त्यांनी काय काय सोसले होते, हे वाचकांना सांगायला नको. पण त्या निबंधात त्यांनी स्वतःचे दुःख उगाळले नाही. जात उत्पन्न कशी होते आणि टिकते कशी, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. तिथे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र, अशी दोन शिक्षणे त्यांनी बरोबरच धरली. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि पुढे दोन्ही पुरी केली. दोन पदव्यांचे ओझे आपल्याला नवे नाही.

दुसरे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्या वेगळ्या समाजातल्या, पण चांगले कुठूनही घ्यावे. १८८३ साली अमेरिकेतील मेडिकल कॉलेजच्या प्रवेशासाठी त्यांनी पत्र लिहिले. आपली तयारी प्रवेशाच्या अटींना कमी पडेल, हे त्यांनी लपवले नाही. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी शिकायचे आहे, हे त्यांनी सरळ सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

मग आम्ही मुलीला विचारले, "तू स्वतःच्या हातानं काय केलंस?" तेव्हा कळले की कॉलेजात असताना तिने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या विद्यार्थी योजनेत दोन महिने काम केले होते. ही योजना १९७९ पासूनची. विद्यार्थ्याने मार्गदर्शक धरायचा, विषयाचे टिपण पाठवायचे, काम करून अहवाल द्यायचा. तिने विड्या वळणाऱ्या बायकांचा श्वास फुंकनळीच्या मीटरने मोजला होता. पण निबंधात त्याची एक ओळही नव्हती. का? तर म्हणाली, "काका, निष्कर्षच निघाला नाही. बायका थोड्या होत्या. त्यात चुलीचा धूर कुठला आणि तंबाखूची धूळ कुठली, हे वेगळं करता आलं नाही." आम्ही म्हटले, "हेच लिही. काय कळलं नाही हे ज्याला कळतं, तोच पुढे शोधतो."

तिसरा निबंध तिने आईला मराठीतून वाचून दाखवला. आई आधी चिडली. "घरातलं चव्हाट्यावर कशाला? आन् भाऊ, अजून किती वर्षं शिकायची ही? धाकटीचं लगीन कोण करणार?" हा राग खोटा नव्हता. कर्जाचे हप्ते आम्हांला ठाऊक आहेत. एम.डी. करताना विद्यावेतन मिळते, हे आम्ही समजावले. पण दवाखाना टाकला असता तर लवकर हाती आला असता तेवढा पैसा त्यात नाही, हेही सांगितले. आई गप्प बसली. मग म्हणाली, "त्यात एक चूक हाय. पान कापताना ठसका लागत न्हाई. तंबाखू चाळताना लागतो. तवा चूल पेटलेली नसती." मुलगी आईकडे बघतच राहिली. धूर आणि धूळ वेगळी करण्याची वाट आईने दाखवली होती. ते वाक्य निबंधात गेले, आईच्या नावावर गेले.

जात लिहावी की नाही, हाही प्रश्न आला. एका शिक्षकाने तिला ऐकवले होते, "तुम्हांला सीट मिळाली ना, प्रॅक्टिस करा, संशोधनाच्या भानगडीत कशाला?" आमचे मत असे: जात दयेसाठी लिहू नये आणि भीतीने लपवूही नये. आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध असेल तिथे ताठ मानेने लिहावी.

निकाल अजून यायचा आहे. पण वाचकांना आमचे सांगणे आहे. लेकरू मेडिकलला असेल तर पहिल्या वर्षापासून त्याला एक वही द्या. काय पाहिले, काय खटकले, काय मोजले, ते तारीखवार लिहू द्या. निबंध एका रात्रीत होत नाही, तो या वहीतून निघतो. परदेशी पीएच.डी. करायची असेल तर केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अटी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. इंग्रजी येणाऱ्यांनी रविवारी विहारात तासभर बसावे, भाषा तपासावी. मात्र लेकराचे म्हणणे त्याचेच राहू द्यावे.

आणि आयांनो, तुमच्या कामातले तुम्हांला जे कळते, ते कुठल्याही पुस्तकात नाही. लेकराने विचारले तर लाजू नका. सांगा.