कोरी वही

गेल्या आषाढांत, सिंदेवाहीच्या रानांतील पक्ष्यांची टिपणवही लिहावी, असा आम्ही संकल्प केला. तोंच पाऊस लागला व धानाची रोवणी सुरू झाली. सकाळीं बांधींत चिखल, दुपारीं शाळा, रात्रीं डोळ्यांवर झोंप! "रोवणी आटोपली कीं लिहूं," असें म्हणतां म्हणतां श्रावण, भाद्रपद गेले. पावसाबरोबर आलेला नवरंग पक्षी आमची वाट न पाहतां परत गेला. वही कोरीच राहिली.

तेव्हां आम्हांस कै. मारुति चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचें स्मरण झालें. वनखात्याची नोकरी १९९० पर्यंत सांभाळून त्यांनीं विदर्भाच्या रानांतील पशुपक्षी न्याहाळले, वनवासी लोकांकडून ज्ञान मिळविलें. पुढें 'पक्षिकोश' सिद्ध केला. २००६ सालीं सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नोकरी हीच त्यांची पाठशाळा होती.

आम्हांस लाज वाटली. रोवणीच्या वेळीं बगळे आमच्याच पायांशीं वावरत होते. वही मात्र घरीं होती! आतां ती शिदोरीच्या फडक्यांत असते. रोज दोनच ओळी लिहितों. बालमित्रहो, नवरंग पावसाळ्यांत पुन्हां येईल. तेव्हां वही कोरी नसेल.