कडीचा चटका आणि आभाळातली वीज

थंडीत आमच्या धाराशिवची हवा कोरडी पडते. नायलॉनचा स्वेटर काढला की चटचट आवाज येतो आणि दाराच्या लोखंडी कडीला हात लावताच मला चटका बसतो. घासण्यातून अंगावर साठलेला भार क्षणात निघून गेलेला असतो. लगेच पुन्हा हात लावा, काही होत नाही.

अवकाळीच्या ढगातही बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून भार साठतो, वीज कोसळते. शेतात कुणावर ती पडली की लोक ओरडतात, "हात लावू नका, अंगात करंट आहे!" नसतो. कडीच्या चटक्यासारखाच तोही क्षणात गेलेला असतो. १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहा.