कृष्णाकाठाने धावताना : वाई ते माहुली

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावते आणि डोंगर उतरून वाईच्या खोऱ्यात येते. या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना सह्याद्रीच्या पूर्वेकडे गेलेल्या सोंडा आहेत. उत्तरेला पांडवगड, दक्षिणेला पाचगणीचे पठार आणि मधल्या सपाटीत ऊस, हळद, ज्वारी. इथली जुनी गावे नदीला धरून वसली. पेशवाईत ज्यांच्या हाती पैसा होता, त्यांनी तो घाट, देवळे, वाडे यांवर खर्च केला, तोही पाण्याच्या कडेलाच. त्यामुळे धावणाऱ्याला वेगळी आखणी करावी लागत नाही. नदीपासून फार लांब गेले नाही की थोड्या थोड्या अंतराने गाव लागते, पारावर बसायला जागा मिळते आणि हापशाला पाणी असते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. थंडी चांगली असते, पण याच दिवसांत कारखाने चालू असतात. पहाटेच्या अंधारात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि पुष्कळांना मागे दिवा नसतो. म्हणून उजाडल्याशिवाय डांबरी रस्त्यावर उतरू नये, आणि समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूनेच, म्हणजे उजव्या कडेने धावावे.

पहिला दिवस : वाई, मेणवली, धोम

सुरुवात गणपती घाटावरून. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, नदीच्या बाजूला निमुळती आहे. पूर आला की पाणी या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि भिंतीवर सरळ मारा होत नाही. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्त्यांचेच. वाईची दुसरी ओळख ग्रंथांची. प्राज्ञपाठशाळा इथली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचे कामही इथेच उभे राहिले.

मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. हात-पाय मोकळे होतात न होतात तोच गाव येते, आणि इथे थांबलेच पाहिजे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे नदीत उतरणारा घाट, घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ. मेणेश्वराजवळच्या छोट्या घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. नानांच्या कागदपत्रांचा संग्रह याच गावाच्या नावाने, मेणवली दप्तर म्हणून, इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र हा घाट ‘स्वदेस’ चित्रपटातला म्हणून माहीत असतो. त्यातले चरणपूर हे उत्तरेकडचे गाव म्हणून दाखवले गेले, ते प्रत्यक्षात हे.

मेणवलीपुढे धोमपर्यंत पाच-सहा किलोमीटर हलका चढ आहे, पायांना कळेल न कळेल इतकाच. धोमला नृसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. महादेवापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे आणि ते कासव कुंडात आहे. कुंड भरले की नंदी पाण्यावर तरंगत असल्याचा भास होतो. गावाच्या वर कृष्णेवरचे धोम धरण. परतीला आल्या रस्त्याऐवजी कालव्याची वाट मिळत असेल तर ती घ्यावी. कालवा डोंगराच्या एकाच उंचीला धरून, पाणी सरकेल इतकाच उतार ठेवून काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेची मातीची वाट मैलोनमैल सपाट राहते आणि गुडघ्यांना डांबराचे हादरे बसत नाहीत. कालव्याच्या पाण्यात मात्र उतरू नये. काठ सिमेंटचे, निसरडे असतात आणि पाण्याला ओढ असते.

दुसरा दिवस : पसरणी घाट

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधले अंतर साधारण बारा किलोमीटर, म्हणजे दर शंभर मीटरला सरासरी पाच मीटर चढ. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. गाव सोडले की वळणे सुरू होतात.

इथे घड्याळाकडे पाहून धावणाऱ्याचे काही खरे नसते. पाऊल आखूड टाकावे, अंग किंचित पुढे झुकवावे, आणि सोबत्याशी एक वाक्य सलग बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलता बोलता दम तुटला की चालावे. त्यात कमीपणा नाही, सरावाचे धावपटूही अवघड चढ चालूनच चढतात. अर्धा घाट चढल्यावर खाली सगळे खोरे दिसते. एका बाजूला धोमचे पाणी, मध्ये वाईची घरे, पलीकडे पांडवगड. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग लागते, त्या दिवशी हा घाट वर्ज्य समजावा.

पाचगणीचे टेबललँड सपाट का, याचे उत्तर पायाखालीच असते. सह्याद्रीचा हा भाग लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या काळ्या दगडाचा आहे आणि त्याच्या माथ्यावर जांभ्याचे टोपण आहे. जांभा उघड्यावर कठीण होतो, सहज झिजत नाही. म्हणून कडेचा भाग ढासळत गेला तरी माथा सपाट राहिला. चढून आलेल्या पायांना त्यावर सावकाश एक फेरी पुरे. घोड्यांच्या वाटेत येऊ नये.

उतरताना एसटीने यावे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्याचा ठणका त्या दिवशी जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो.

तिसरा दिवस : बावधन

विश्रांतीचा दिवस, पण अगदी बसून नव्हे. वाईहून बावधनपर्यंत रमतगमत जावे आणि परत यावे. रंगपंचमीच्या दिवशी इथे भैरवनाथाचे बगाड निघते. उंच शिडाच्या लाकडी गाड्याला अनेक बैलजोड्या जुंपून तो शेतांतून ओढत आणतात. बाकीच्या दिवसांत गाव शांत असते. हळद काढणीला आली असेल त्या आठवड्यात रस्त्यावर काहिलींचा वास येतो, हळद शिजवून वाळत घातलेली दिसते. ओळख नसलेला माणूस पळताना दिसला की बांधावरून हाक येतेच, “काय पाव्हणं, कुणीकडं?” थांबून उत्तर द्यावे. कुत्री भुंकली तर पळू नये, चालत पुढे जावे.

चौथा दिवस : लिंब

बावधनचा रस्ता पुढे पाचवडला महामार्गाला मिळतो. महामार्गावर धावणे हा वेडेपणा आहे. लिंब फाट्यापर्यंत वाहनाने यावे आणि तिथून आत वळावे.

लिंबच्या शिवारात बारा मोटेची विहीर आहे, आणि साऱ्या मार्गावर सर्वाधिक वेळ द्यावा अशी ही जागा. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. वरून पाहिले तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला लांबट भाग मिळून शिवलिंगाचा आकार दिसतो. रुंद पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेले की बाहेरचे ऊन आणि आवाज दोन्ही मागे राहतात. भिंतींवर सिंहाची, हत्तीची शिल्पे आहेत, आणि दोन्ही भागांच्या मध्ये वर छोटा महाल आहे. विहिरीच्या तोंडात बसायला अशी खोली करणाऱ्यांना उन्हाळा चांगला ठाऊक असावा.

काम मात्र शोभेचे नव्हते. काठावर मोटा लावायच्या जागा आहेत. बैल उतरत्या धावेवरून पुढे गेले की नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई, बैल मागे सरकले की ती पुन्हा पाण्यात जाई. बारा ठिकाणी हे एकदम चाले. पाणी जायचे आसपासच्या आमराईला.

विहीर पाहून कृष्णेच्या काठावर यावे. लिंब आणि गोवे या गावांच्या मधोमध नदीपात्रात कोटेश्वराचे देऊळ आहे. पाणी कमी असते तेव्हा तिथवर जाता येते. पुराच्या दिवसांत काठावरूनच नमस्कार करावा.

पाचवा दिवस : माहुली

शेवटची धाव छोटी, साताऱ्यातून संगम माहुलीपर्यंत पाचेक किलोमीटर. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. एका काठावर संगम माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ, समोर क्षेत्र माहुलीचे रामेश्वराचे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे माहुलीचे. साताऱ्याच्या राजघराण्यातल्या समाध्या संगमाजवळ आहेत आणि शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याचीही समाधी इथेच आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी कथा सांगतात.

सातारा म्हटले की धावणाऱ्यांना आधी घाट आठवतो. यवतेश्वर घाटातल्या अर्धमॅरेथॉनने जिल्ह्याला नाव मिळवून दिले, आणि माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तरीही पहिल्यांदा येणाऱ्याने चढाने सुरुवात करू नये. वाई ते धोम आणि लिंबचा नदीकाठ हे दोन टप्पे आधी करावेत, पसरणी घाट राहिला तरी चालेल. गावात शिरल्यावर पळणे थांबवून चालावे, आणि मेणवलीचा वाडा खाजगी आहे हे लक्षात ठेवून विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

पुढच्या भागात यवतेश्वर घाट आणि कास. तिथे फुलांच्या हंगामात पठारावर प्रवेशाचे नियम असतात, ते आधी पाहूनच बेत आखावा.