विचारणारे कोणी नाही

स्वतःचे घर घ्यावयाचे ठरले तेव्हा मला चव्वेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. या वयात माणसे सहसा घराची डागडुजी काढतात. मी घर शोधू लागलो. पुढील चार महिन्यांत किती कागदांवर सह्या केल्या याची मोजदाद नाही. बँकेने पुढे केलेल्या चाळीसएक पानांवर तर एकही ओळ न वाचता, कारकुनाच्या बोटामागोमाग, मी निमूटपणे सही करीत गेलो. परंतु त्या साऱ्या भेंडोळ्यात चार पानांचा एक साधा अर्ज होता, आणि त्याच्यापाशी माझी लेखणी अडली ती तब्बल तीन आठवडे. तो अर्ज होता गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा.

वस्तुतः त्यात भिण्यासारखे काही नव्हते. प्रवेश फी शंभर रुपये. पन्नास रुपयांचा एक असे दहा भाग. ते मूळ मालकाच्या नावावरून माझ्या नावावर व्हावयाचे. आणि शेवटी एक वाक्य : संस्थेचे उपविधी मी वाचले असून ते माझ्यावर बंधनकारक राहतील. वीस वर्षांच्या कर्जाला न डगमगलेला हात या एका वाक्याला अडखळला.

याचे कारण माझ्या बालपणात आहे. वर्ध्याच्या जुन्या वस्तीतील एका वाड्यात दोन खोल्यांचे आमचे बिऱ्हाड होते. नळ रात्री आठाला बंद होई. पाहुणा तिसऱ्या दिवशी राहिला की त्याची विचारपूस होई, आणि ती पाहुण्याच्या प्रकृतीची नसे. भिंतीला खिळा ठोकावयाचा तरी मालकांची परवानगी लागे. माझे वडील शाळामास्तर होते. वर्गात त्यांच्या नुसत्या खाकरण्याने मुले चिडीचूप होत. पण वाड्याच्या दिंडीत मालक भेटले की त्यांचा आवाज मऊ पडे, आणि तो मऊपणा मला लहानपणीही सहन होत नसे. ‘त्यांना विचारले पाहिजे’ हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकले, की स्वतःच्या घराची माझी व्याख्या तेव्हाच ठरून गेली. जेथे कोणाला काही विचारावे लागत नाही, ते आपले घर.

या व्याख्येत बसणारे घर सापडलेही. पिपरी (मेघे)च्या बाजूला, शेताचे तुकडे पाडून केलेल्या एका ले-आउटमध्ये ते उभे होते. तीन खोल्या, पुढे अंगण, कोपऱ्यात कडुनिंब. दुसरे होते आर्वी नाक्याजवळच्या चार मजली इमारतीतले, सोळा बिऱ्हाडांपैकी एक. ते घ्यावयाचे तर संस्थेचा सभासद होणे ओघानेच आले. माझे मन अर्थातच कडुनिंबाकडे धावत होते. ले-आउटमधील मालकाने दारात उभे राहून हात पसरून सांगितले, ‘सर, इथं तुम्हाला कोणी विचारणारं नाही.’ मला वाटले, हा मनुष्य माझे मन वाचतो आहे.

पण घर घेणाऱ्याने ते पावसाळ्यात पाहावे असा वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो. आम्ही ऑगस्टात पुन्हा गेलो. आमच्याकडची काळी माती कापसाला जितकी माउली, तितकीच भिंतीला सासू. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया उथळ असला तर त्याला वर्षातून एकदा तरी हलवून पाहते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली एक तिरपी भेग छतापर्यंत पोहोचली होती. वरच्या अंगाच्या चार प्लॉटांचे पाणी वाहत येऊन याच घराच्या पायाशी मुरत होते. सगळ्यांनी मिळून एक नाली काढली असती तर प्रश्न मिटला असता. पण सगळ्यांना एकत्र बोलावणार कोण? बागेसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत विटांचा चुरा पडला होता, दोन म्हशी बांधलेल्या होत्या, आणि एका बाजूचे कुंपण हळूच चारपाच हात पुढे सरकले होते. शेजाऱ्याला त्याविषयी छेडले तेव्हा तो म्हणाला, ‘कोणाला विचारायचं?’

परत येताना पत्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘कोणी विचारणारं नाही म्हणतात ना, ते हेच.’

त्या रात्री मी संस्थेचे उपविधी काढून वाचावयास बसलो. कंटाळवाणे म्हणून ज्यांची ख्याती आहे अशा पुस्तकांत कधीकधी मनुष्यस्वभावाचे मोठे ज्ञान असते. इमारत म्हातारी होईल त्या दिवसासाठी प्रत्येकाने बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडात टाकावयाचा, आणि दुरुस्तीसाठी किमान पाऊण टक्का निराळा. म्हणजे वीस लाखांच्या बांधकामावर वर्षाला पाच हजार आणि पंधरा हजार. जी गच्ची कदाचित माझ्या पश्चात गळेल, तिच्यासाठी मी आज पैसे द्यावयाचे. स्वतंत्र घराच्या मालकालाही ही शिल्लक लागतेच. फक्त ती टाक असे त्याला कोणी बजावीत नाही, म्हणून तो ती टाकीत नाही. लिफ्टचा खर्च सर्वांनी सारखा सोसावयाचा, तळमजल्यावरच्यांनीही. आणि घर लहान असो वा मोठे, सभासदाला मत एकच. वाड्यातल्या मालकाच्या हुकमाशी याची तुलना मी मनात करून ठेवली होती, ती जुळेना. तेथे एकजण सांगे आणि बाकीचे ऐकत. येथे सोळाजण सांगणार होते आणि तेच सोळाजण ऐकणार होते.

ही कल्पना आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. १९०४ च्या कायद्याने फक्त पतपेढ्यांना वाट दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही ती मिळाली, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील या तऱ्हेची ती पहिली संस्था मानतात. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुबराव तालमकी होते, ज्यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँकेचा पाया घातला. मुंबईत पोटासाठी आलेल्या आणि भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांनी, एकट्याने जे जमणार नाही ते मिळून जमवावे, हा त्यातला विचार. माझे वडील कोठे तरी याच माणसांपैकी होते असे मला वाचताना वाटून गेले.

परंतु संस्थेच्या नावातच एक गोष्ट होती, ती मला नंतर टोचली. ती आपल्या माणसांची संस्था होती. त्या काळी त्यात गैर कोणाला वाटले नसेल. परक्या शहरात ओळखीचा आधार लागतो. पण आधाराची भिंत केव्हा कुंपणाची होते ते बांधणाऱ्यालाही कळत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. आर्वी नाक्याजवळच्या संस्थेत असा कोणताही उपविधी नव्हता. तेथे फक्त सचिव मला जिना दाखवताना म्हणाले होते, ‘काही काळजी करू नका सर, सगळे आपलेच लोक आहेत.’ माझे आडनाव ऐकल्यावरच ते तसे म्हणाले, हे माझ्या ध्यानात घरी आल्यावर आले.

सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा होती. घर विकणारे गृहस्थ मला पाहुणा म्हणून घेऊन गेले. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. पोहे आणि तर्री होती. तळमजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांनी लिफ्टवरून तासभर वाद घातला, आणि मला तो ऐकताना मौज वाटली. मग सभा उठता उठता, कोणाच्याही विषयपत्रिकेवर नसलेली एक गोष्ट निघाली. तिसऱ्या मजल्यावरचे घर एक परिचारिका घेऊ पाहत होती. कोणी तरी तिचे आडनाव उच्चारले. कोणी तरी म्हणाले, ‘आपल्यात कशाला?’ एवढेच. ठराव नाही, विरोध नाही, इतिवृत्तात अक्षर नाही. मी गप्प बसलो. पाहुण्याने बोलू नये हे कारण मजजवळ तयार होते, आणि ते खरेही होते. पण ते इतके सोयीचे होते की मला त्याची लाज वाटली. पंधरा दिवसांनी कळले की त्या बाईंनी ‘स्वतःच’ विचार बदलला.

अशा इमारतीत जाऊच नये, असे मी घरी म्हणालो. ते उत्तर सोपे होते आणि त्यात माझे हात स्वच्छ राहत होते. पत्नीने विचारले, ‘म्हणजे त्यांना आणखी एक घर रिकामं मिळेल, आपल्या लोकांसाठी?’

आपण वर्धेकर पाहुणे आले की त्यांना सेवाग्रामला नेतो. १९३६ साली उभ्या राहिलेल्या आदि निवासात गांधीजी, कस्तुरबा आणि आल्यागेल्यांची सर्वांची सोय एकाच छपराखाली होती, हे कौतुकाने सांगतो. १९२८ साली जमनालाल बजाजांनी विश्वस्तांची संमती मिळवून लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, हेही सांगतो. त्या दुसऱ्या हकिकतीतला ‘संमती मिळवून’ हा भाग मी आजवर भरभर वाचून सोडला होता. दार आतून उघडावे लागते. आत जो आहे त्यालाच ते उघडता येते, आणि आत असणे म्हणजे दार बंद ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला बसणे. सभासदत्वाचा तोल मी रुपयांत करीत होतो. तो खरा येथे करावयाचा होता.

मी अर्जावर सही केली.

पुढल्या उन्हाळ्यात ते तिसऱ्या मजल्यावरचे घर पुन्हा विक्रीस निघाले. घेणारे कुटुंब निराळे होते. कुजबूज तीच होती. या वेळी मी खुर्चीवरून उठलो. मी वक्ता नाही. माझा आवाज कापत होता, आणि तो वडिलांच्या आवाजासारखा मऊ पडू नये एवढीच माझी धडपड होती. मी एवढेच म्हणालो की सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही असे १९६० चा आपला कायदा सांगतो. तेव्हा नाकारावयाचे असल्यास कारण सांगावे, म्हणजे सचिव ते इतिवृत्तात लिहून घेतील. सचिवांनी लेखणी उचलली. गच्चीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. जे कारण सर्वांना ठाऊक होते ते सांगावयास कोणी तयार होईना. शेवटी लिफ्टवाले मास्तर म्हणाले, ‘पुढचा विषय घ्या.’

ते कुटुंब आता राहावयास आले आहे. याने इमारत सुधारली असे मी म्हणणार नाही. दोन बिऱ्हाडांनी आमच्याशी बोलणे कमी केले आहे, आणि माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांचे पाणी खाली ठिबकते अशी लेखी तक्रार प्रथमच आली आहे. तक्रार खरी आहे. मी कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या. मास्तर लिफ्टचे पैसे अजून दर तिमाहीला वाद घालूनच देतात.

भागपत्र परवा घरी आले. त्याच्या पाठीवर मूळ मालकाच्या नावाखाली माझे नाव लिहिलेले आहे, आणि खाली आणखी बऱ्याच नावांसाठी रिकाम्या रेघा आहेत. मी ते कपाटात ठेवीत होतो तेव्हा दारावरची घंटा वाजली. सचिव उभे होते. ‘सर, विचारायचं होतं,’ ते म्हणाले. टाकी धुवायची होती. रविवारी सकाळी पाणी बंद ठेवले तर चालेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी म्हटले, ‘या, बसा.’