मोसम आणि मौसम

उर्दूत 'मौसम' म्हणजे ऋतूही आणि त्या दिवसाची हवाही. मराठीत तोच शब्द 'मोसम' झाला आणि ऋतूपुरता उरला. आपण आंब्याचा मोसम म्हणतो, लग्नाचा मोसम म्हणतो. आज ढग आहेत की ऊन, हे सांगायला मात्र 'हवा' म्हणतो. मूळ अरबी शब्द 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ. 'मान्सून'सुद्धा त्याच घराण्यातला. वर्गात हा फरक मी दरवर्षी सांगते. यंदा तो घरात उपयोगी पडला. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच नेपाळला जायचं ठरतंय आणि एकाच गोष्टीवर घोडं अडलंय: काठमांडूहून एव्हरेस्ट दाखवायला नेणाऱ्या छोट्या विमानात बसायचं की नाही.

हट्ट सासऱ्यांचा आहे. अब्बांनी आयुष्यभर भोर आगारात एसटी चालवली. गुडघे गेलेत, त्यामुळे चालत जाऊन हिमालय बघणं शक्य नाही. तासाभराच्या उड्डाणात खिडकीतून तो दिसतो म्हटल्यावर त्यांनी मनावर घेतलं. मी काळजी बोलून दाखवली तर म्हणाले, "मौत कू हवाई जहाज लगता क्या? घर में भी आती." यावर सुनेनं काय बोलायचं? म्हणून मी वाचायला बसले.

वाचलं ते असं. 25 सप्टेंबर 2011 रोजी बुद्ध एअरचं बीचक्राफ्ट विमान एव्हरेस्ट दाखवून काठमांडूला परतत होतं. उतरायला थोडाच वेळ उरला असताना ढगात शिरलेलं ते विमान कोटडाँडाच्या टेकडीवर आदळलं. 19 जण गेले, त्यात 10 भारतीय. 29 मे 2022 रोजी तारा एअरचं ट्विन ऑटर पोखऱ्याहून जोमसोमला निघालं. जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. ते ढगात डोंगरावर धडकलं आणि 22 जण गेले. त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं, सुट्टीला गेलेलं. 15 जून 2025 रोजी केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं. सातही जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे आईवडील आणि त्यांची दोन वर्षांचीही नसलेली मुलगी होती. पोलिसांकडच्या तक्रारीत नोंद आहे की त्या हेलिकॉप्टरला सकाळी 6 ते 7 ची वेळ दिलेली होती, आणि अपघात साडेपाचच्या सुमाराला झाला.

छोटं विमान म्हणजे इंजिन बंद पडणार, असं आपल्या मनात असतं. तसंही घडतं आणि वैमानिकाच्या हातूनही चूक होते. पण या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: ढग आणि डोंगर. मोठं विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून, डोंगरांच्या वरून जातं. छोटं विमान आणि हेलिकॉप्टर डोंगरांच्या मधून जातं, आणि बरेचदा वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर. ढग आला की ती नजर जाते. मग धडधाकट यंत्र, चालवणारा अनुभवी, आणि समोर अचानक कडा.

वेल्हे माझं माहेर. आमच्या अंगणातून तोरणा दिसतो. पावसाळ्यात तो आत्ता होता आणि आत्ता नाही, इतक्या झटकन ढगात जातो. लहानपणापासून बघितलेली ही गोष्ट तिकीट काढताना मात्र आपण विसरतो. टूरवाल्याला मी फोनवर विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, नोव्हेंबरात काही टेन्शनच नाही, पीक सीझन आहे." त्याचं खोटं नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं आकाश बहुधा स्वच्छ असतं. 2011 चा अपघात पावसाळा सरता सरता झाला होता. पण तो मला मोसम सांगत होता आणि मी मौसम विचारत होते. मोसम चांगला असला तरी एखादी सकाळ वाईट निघू शकते. अशा सकाळी नाही म्हणणारं कुणी आहे का, हाच खरा प्रश्न.

याचं उत्तर मला अब्बांकडूनच मिळालं. वरंध घाटात धुकं उतरलं की ते गाडी बाजूला लावून थांबायचे. ते सांगतात, धुक्याचा त्रास नव्हता, त्रास पॅसेंजरचा होता. "चला की ड्रायव्हरसाहेब, किती वेळ? महाडला पुढची गाडी चुकेल." कुणी हात जोडायचं, कुणी आवाज चढवायचं. मी म्हटलं, "अब्बा, विमानातले पॅसेंजर तेच आपण. पैसे भरलेत, उद्या परतीचं तिकीट आहे, आज दाखवाच असं म्हणणारे." ते गप्प झाले. मग म्हणाले, "ये बात सही है."

तवक्कुलचा अर्थ आमच्या घरात त्या दिवशी नव्यानं निघाला. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला आधी तो बांधायला सांगितलं गेलं, ही हदीस मदरशातल्या पोरांनाही माहीत असते. ढगाळ सकाळी तिकिटाचे पैसे सोडून हॉटेलवर परत येणं, हेही उंट बांधणंच आहे.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. उड्डाण सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही. मागे एक सकाळ मोकळी हवी, म्हणजे घाई आपल्या डोक्यावर बसत नाही. सकाळचं पहिलं उड्डाण घ्यायचं, कारण डोंगरात दिवस चढला की ढग जमतात. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत, हे लेखी घ्यायचं. विम्याच्या कागदात असं उड्डाण बसतं का, ते वाचायचं. विमानतळावर कुणी थांबा म्हणालं तर हुज्जत घालायची नाही. आणि कंपनीची माहिती काढायची. युरोपीय संघानं नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना 2013 मध्ये आपल्या आकाशात बंदी घातली, हे अब्बांना मी सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा पुसला, पण हट्ट सोडला नाही. तो त्यांचा हक्क आहे. सत्तरीच्या माणसानं कशासाठी किती धोका पत्करायचा, हे सुनेनं ठरवू नये.

माझी लेक बारा वर्षांची आहे, तिच्याबद्दल मात्र मी ठरवू शकते. ठाण्याच्या आणि वणीच्या बातम्यांत मला सगळ्यात जड गेलं ते हे, की आईवडील आणि लेकरं एकाच यंत्रात होती. अब्बांबरोबर मुलीचे वडील जातील. मी आणि लेक खाली राहू. काठमांडूजवळच्या नगरकोटहून आकाश मोकळं असलं तर हिमालयाची रांग जमिनीवर उभं राहून दिसते, ती बघू. लेक रुसली आहे. "अम्मी, तू डरपोक है" असं ऐकवून झालंय. रुसू दे. रुसवा चार दिवसांत जातो.

तुमच्यापैकी कुणी अशा सहलीचं ठरवत असाल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. हजारो लोक दरवर्षी जातात आणि सुखरूप परततात. फक्त पैसे भरण्याआधी घरात एकदा बोलून घ्या, की एव्हरेस्ट न बघता परत यावं लागलं तर चालेल का? ज्या घरात याचं उत्तर 'चालेल' असं येतं, त्यांनी तिकीट काढावं.